यकृतातली गाठ फुटते तेव्हा

यकृताच्या कर्करोगाची गाठ पृष्ठभागाजवळ वाढली, तर कधीकधी ती आपोआप फुटते. वरच्या पोटात अचानक कळ येते, पोट फुगतं, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब कोसळतो. अल्सर फुटल्यावरही असंच दिसतं. इथे मात्र पोटात सुई घातली की न गोठणारं रक्त येतं. रुग्ण हडपसरचा असो की भोरचा, 108 ला फोन करून त्याला रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफी चोवीस तास चालू असलेल्या पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात नेणं उत्तम.

निरोगी यकृताला सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, पण गाठ जवळजवळ पूर्णपणे यकृत-धमनीवर पोसली जाते. म्हणून मांडीतून बारीक नळी सरकवून गाठीची धमनी बुजवली, की रक्त थांबतं आणि उरलेलं यकृत जगतं. याला एम्बोलायझेशन म्हणतात. मात्र मुख्य पोर्टल शीर गाठीनेच बंद झालेली असेल, तर याच उपायाने यकृत निकामी होऊ शकतं.

हे जमलं नाही किंवा रक्त चढवूनही दाब सावरला नाही, तर पोट उघडावं लागतं. आधी फुटलेली जागा हाताने दाबून धरायची, मग यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्यावर चिमटा लावायचा. ही युक्ती ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी 1908 मध्ये मांडली. साधारण 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं मोकळं. चिमट्यानंतरही रक्त येत राहिलं, तर ते यकृताच्या मागच्या शिरांतून येतंय असं समजावं. गाठीवर टाका घालायचा मोह टाळावा. खरवसातून दोरा जावा तसा तो मांस कापत जातो.

अशा वेळी मॉप, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या कापडाच्या जाड घड्या, भरणं हाच भरवशाचा मार्ग. मॉप जखमेत कोंबले तर चीर वाढते. ते यकृताच्या वर आणि खाली रचून चीर मिटवायची असते. फार घट्ट बसवले तर महाशीर दबते, हृदयाकडे रक्त पोचत नाही आणि दाब पुन्हा घसरतो. मॉप मोजून, नोंदवून ठेवतात आणि 24 ते 48 तासांनी सलाइनने भिजवून अलगद काढतात. तोवर आयसीयूत रुग्णाला उबदार ठेवावं लागतं, कारण शरीर 35 अंशांखाली गेलं की रक्त नीट गोठत नाही. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, तेही भरून काढावं लागतं.

गाठ लहान, कडेला आणि यकृत चांगलं असेल, तरच ती त्याच रात्री काढावी. सिरॉसिस असलेल्या, म्हणजे जुन्या आजाराने कडक झालेल्या यकृताचा निदान 40 टक्के भाग मागे उरायला हवा. निरोगी यकृताला 20 ते 25 टक्के पुरतो. बाकीच्यांना काही आठवडे सावरू द्यावं, पुन्हा सीटी करावा. फुटलेल्या गाठीच्या पेशी पोटात रुजण्याचा धोका असतो, म्हणून पोटाच्या आवरणावर नवे ठिपके दिसतात का हे बघूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात.