तरुण क्वार्टरबॅकची पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. भारतात फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. इथे लांबट चेंडू हातात धरून पळतात आणि हातानेच फेकतात. महाविद्यालयीन स्पर्धांतून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, आलेला क्वार्टरबॅक आज कितपत तयार आहे आणि पुढे कुठवर जाईल, हे ठरवणे हे संघ व्यवस्थापनाचे सर्वांत जोखमीचे काम मानले जाते.

नवे खेळाडू सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून निवडले जातात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारापासून नवोदितांचे मानधन ठरावीक चौकटीत बसवले आहे. त्यामुळे चांगला तरुण क्वार्टरबॅक पहिली काही वर्षे स्वस्तात मिळतो आणि वाचलेला पैसा इतर खेळाडूंवर खर्च करता येतो. निवड चुकली, तर नेमकी हीच वर्षे वाया जातात.

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात उंची, पंजाची रुंदी, ४० यार्डांची धाव असे सगळे मोजले जाते. वंडरलिक ही १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बौद्धिक चाचणीही तिथे बरीच वर्षे घेतली जाई. २०२२मध्ये ती बंद झाली. या मोजमापांवर किती विसंबावे, याचे उत्तर टॉम ब्रेडीच्या कारकिर्दीत आहे. ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले. २०००च्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले आणि तो १९९व्या क्रमांकावर गेला. पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

खरी कसोटी चेंडू हातात आल्यानंतरच्या अडीच-तीन सेकंदांत लागते. बचावाची रचना ओळखणे, अंगावर धावून येणाऱ्यांकडे न पाहता नजर पुढे ठेवणे, साथीदार मोकळा होण्याआधीच चेंडू सोडणे, हे सारे त्यात येते. त्यासाठी मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतील असे चित्रीकरण पुन्हापुन्हा पाहावे लागते. दूरचित्रवाणीच्या चौकटीत दूर धावणारे साथीदार बरेचदा दिसतच नाहीत आणि कुणी मोकळा होता की नाही हे कळत नाही.

पहिल्या हंगामाचे आकडे जपून वाचावेत. १९९८मध्ये पहिला निवडलेला पेटन मॅनिंग २८ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेललेले पास, देऊन बसला आणि त्याच्या कोल्ट्स संघाने १६पैकी १३ सामने गमावले. पण त्याने २६ टचडाऊन पासही, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले होते. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा निवडलेला रायन लीफ दोन टचडाऊन आणि १५ इंटरसेप्शनवर अडकला. मॅनिंग चुका करत होता, पण खेळ पुढे नेत होता. पुढच्याच हंगामात कोल्ट्सने १३ सामने जिंकले.

जॉश ॲलनचे उदाहरण याहून अवघड आहे. वायोमिंग विद्यापीठात त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण होत, म्हणजे साथीदाराच्या हाती पोचत. हाताच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती, अचूकतेबद्दल अनेकांना होती. २०१८मध्ये बफेलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या तीन हंगामांत पूर्ण पासांचे प्रमाण ५२.८, ५८.८ आणि ६९.२ टक्के असे चढत गेले. त्यामागे फेकण्याच्या पद्धतीवर घेतलेली मेहनत होती, ब्रायन डेबॉल हा एकच आक्रमण प्रशिक्षक सलग लाभणे होते आणि २०२०मध्ये आलेला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, स्टेफॉन डिग्ज होता. अचूकतेत एवढी झेप फार क्वचित दिसते. म्हणून ताकदवान पण बेभरवशाच्या प्रत्येक तरुणात ॲलन शोधणे हा धोकादायक नाद आहे.

पारखणाऱ्यांच्या पूर्वग्रहांची किंमत कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांनी दीर्घकाळ मोजली. १९७८मध्ये वॉरन मूनला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतले नाही. त्याने कॅनडात एडमंटनसाठी सलग पाच ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगची विजेतेपदे, जिंकले, नंतर एनएफएल गाजवली आणि २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानयादीत, स्थान मिळवले. चाळीस वर्षांनंतरही लमार जॅक्सनला रिसीव्हर होण्याचे सल्ले मिळत होते. तो ३२वा निवडला गेला आणि २०१९मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष द्यायचे की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावे लागते. २०१७मध्ये दुसरा निवडलेल्या मिचेल ट्रुबिस्कीला शिकागो बेअर्सने २०२०मध्ये ते नाकारले. त्याच ड्राफ्टमध्ये दहावा निवडलेला पॅट्रिक महोम्स पहिल्या वर्षी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला होता. जुलै २०२०मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याच्याशी दहा वर्षांचा, ४५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला.