स्ट्रोमल पेशी आणि कल्चरची परिस्थिती

मेसेन्कायमल स्ट्रोमल पेशी, म्हणजे हाड, चरबी, कूर्चा होऊ शकणाऱ्या आधार-ऊतीतल्या पेशी, लॅबमध्ये सगळे एमएससीच म्हणतात, या बोन मॅरो (हाडातला मगज), चरबी, नाळ अशा ठिकाणांहून काढून रिजनरेटिव्ह थेरपीसाठी, म्हणजे खराब झालेल्या ऊती दुरुस्त करायच्या उपचारांसाठी, वापरतात. बोन मॅरोत त्या फारच कमी असतात, दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी, आणि पेशंटला तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते २० लाख पेशी द्यायच्या असतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका डोसलाच १० कोटींच्या आसपास लागतात. त्यामुळे त्या कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात, वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि फ्लास्कमधल्या त्या काही आठवड्यांत पेशी बऱ्याच बदलतात.

२००६ मध्ये या पेशी ओळखायचे किमान निकष ठरले: प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हे मार्कर (पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखीची प्रथिनं) पाहिजेत, सीडी४५ आणि सीडी३४ नकोत, आणि त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा तयार करता आल्या पाहिजेत. निकष कामाचे आहेतच, पण पेशंटच्या शरीरात गेल्यावर ही पेशी काय करेल ते त्यातून कळत नाही. दोन लॅबच्या पेशी या परीक्षेत पास होतात आणि तरी वेगळ्या वागतात, मग डोनर वेगळा म्हणून की कल्चर वेगळं म्हणून हे शोधत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी सीरमची. वर्षानुवर्षं मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) १०% गायीच्या गर्भाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घालत आले, पण त्याची प्रत्येक बॅच वेगळी निघते, म्हणून लॅब आधी नमुने तपासतात आणि चांगली बॅच सापडली की तिचाच मोठा साठा अडवून ठेवतात. शिवाय गायीची प्रथिनं पेशींच्या आत जातात आणि पेशंटच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. पर्याय म्हणून माणसाच्या प्लेटलेट्स गोठवून, वितळवून, फोडून केलेलं प्लेटलेट लायसेट वापरतात, त्यात पेशी बहुतेक वेळा जास्त झपाट्याने वाढतात, फक्त त्यातलं फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन काढलेलं नसेल तर गोठणं थांबवणारं हेपरिन घालायला विसरून चालत नाही, नाहीतर मीडियाच जेलीसारखा गोठतो. सीरम-फ्री मीडियात काय काय आहे ते नक्की माहीत असतं ही मोठीच सोय, पण त्यात बऱ्याचदा पेशी नीट चिकटाव्यात म्हणून फ्लास्कला वेगळं कोटिंग द्यावं लागतं.

ऑक्सिजनचं बघा. साध्या इनक्युबेटरमध्ये तो २०% च्या जवळपास असतो, बोन मॅरोत मात्र साधारण १ ते ७%. २ ते ५% वर ठेवलं की अनेक प्रयोगांत पेशी जास्त काळ विभाजित होत राहतात, म्हाताऱ्या उशिरा होतात, कमी ऑक्सिजनला प्रतिसाद देणारं एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन टिकून राहतं आणि रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन जास्त स्रवतं. पण मीडिया बदलायला फ्लास्क हुडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) काढला की पेशी परत साध्या हवेत येतात, आणि मीडियाचा थर किती जाड आहे यावरही तळाशी किती ऑक्सिजन पोचतो ते ठरतं, त्यामुळे डिस्प्लेवरचा आकडा आणि पेशीला मिळालेला ऑक्सिजन एकच असतील असं नाही.

पेशी ज्यावर बसते तो पृष्ठभागसुद्धा तिला घडवतो. २००६ मध्येच एंगलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूइतक्या मऊ जेलवर (कडकपणा ०.१ ते १ किलोपास्कल) पेशी न्यूरॉनसारख्या, ८ ते १७ वर स्नायूसारख्या आणि २५ ते ४० वर हाडाच्या वाटेने जातात. कल्चर प्लास्टिक याहून हजारो पटींनी कडक! आणि पुढे असंही दिसलं की कडक पृष्ठभागावर जास्त दिवस राहिलेल्या पेशी मऊ जेलवर आणल्या तरी त्यांच्यातलं वायएपी हे कडकपणाला प्रतिसाद देणारं प्रथिन केंद्रकातच अडकून राहतं, जणू जुना पृष्ठभाग त्यांना आठवतो.

पेशी विरळ पेरल्या तर लवकर वाढतात, दाट झाल्या की मंदावतात, म्हणून साधारण ७० ते ८०% तळ भरला की ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवून पुढच्या फ्लास्कमध्ये टाकतात, यालाच एक पॅसेज म्हणतात. सुरुवातीला मायक्रोस्कोपखाली त्या बारीक, लांबट, एका दिशेने वाहत गेल्यासारख्या दिसतात. बरेच पॅसेज झाले की पसरट, मोठ्या, कडा वेड्यावाकड्या आणि आत दाणेदार कचरा साठलेला. नुसता पॅसेज नंबर लिहून भागत नाही, एकूण किती वेळा संख्या दुप्पट झाली हे लिहायला हवं, कारण एकाच्या पाचव्या पॅसेजची पेशी दुसऱ्याच्या पाचव्यापेक्षा कितीतरी जास्त थकलेली असू शकते.

काही वेळा मुद्दाम इंटरफेरॉन-गॅमा हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन देऊन पेशी तयार करतात, त्याने आयडीओ एन्झाइम वाढतं, ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतं आणि रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी दबतात. पण एचएलए-डीआर हे पेशीची ओळख सांगणारं प्रथिनही वाढतं, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात ती पेशी ओळखली जाण्याची शक्यताही वाढते.

शेवटचा टप्पा गोठवण्याचा. बऱ्याचदा १०% डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारं रसायन) घालून लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि द्यायच्या वेळी ३७ अंशांवर वितळवतात. ट्रायपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या रंगात) बहुतेक पेशी जिवंत दिसतात, पण वितळल्या वितळल्या त्यांचा आयडीओचा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो, कल्चरमध्ये एखादा दिवस ठेवलं की बराचसा परत येतो, आणि वॉर्डात मात्र बरेचदा थेट पिशवीतूनच देतात.