टीआयए रुग्णांमधील हृदयाचे जैवसूचक

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ अडून पुन्हा सुरू झाला, की ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक (टीआयए) येतो. हात लुळा पडणे, जीभ जड होणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे बहुधा तासाभरात ओसरतात. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणे गेली की टीआयए मानत. २००९ पासून काळापेक्षा मेंदूतील ऊतक मेले आहे की नाही याला महत्त्व आले आणि त्यासाठी एमआरआय मोलाचा ठरला. पुढच्या काही दिवसांत, विशेषतः पहिल्या ४८ तासांत, पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असतो. म्हणूनच ‘आपोआप बरे वाटले’ यावर विसंबू नये.

हा धोका मोजणाऱ्या प्रचलित एबीसीडी-२ गुणांकनात वय, रक्तदाब, लक्षणांचे स्वरूप, त्यांचा कालावधी आणि मधुमेह एवढेच येते. हृदयाला त्यात जागा नाही. मेंदूत अडकलेली गुठळी मात्र अनेकदा हृदयातूनच आलेली असते. ती उणीव रक्ततपासणीने काही अंशी भरून काढता येईल का, हा या जैवसूचकांमागचा, म्हणजे शरीरातील बिघाड सुचवणाऱ्या रक्तातील पदार्थांमागचा, मूळ प्रश्न आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन. स्नायूपेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. ट्रोपोनिन-टीच्या अतिसंवेदनशील चाचणीत दर लिटरला १४ नॅनोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. ट्रोपोनिन-आय या दुसऱ्या प्रकाराची मर्यादा चाचणीगणिक बदलते. एकच आकडा फारसे सांगत नाही. समजा, पंचाहत्तरीच्या रुग्णाची वाचा दहा मिनिटे गेली, ईसीजी नियमित आहे आणि ट्रोपोनिन-टी २२ आले. तीन तासांनी पुन्हा २२ आले, तर ती जुनी, संथ इजा असण्याची शक्यता जास्त. तेच ६० वर गेले, तर ताजा हृदयविकार शोधावाच लागतो. मेंदूच्या इजेमुळे वाहणाऱ्या ताणसंप्रेरकांनीही ट्रोपोनिन वाढते, पण टीआयएमध्ये मेंदूची इजा किरकोळ असल्याने सगळे खापर तिच्यावर फोडणे धोक्याचे.

दुसरा सूचक एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी हे संप्रेरक १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले. त्याचा मुख्य स्रोत हृदय आहे, हे नंतर कळले. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की १०८ अमिनो आम्लांचे प्रोबीएनपी तुटून ३२ अमिनो आम्लांचे बीएनपी आणि ७६ चे निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी तयार होते. दुसरा तुकडा रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. तो वाढलेला असेल, तर लपलेल्या एट्रियल फिब्रिलेशनची शंका बळावते. हृदयाची ही अनियमित लय अधूनमधून येऊन जाते. दहा सेकंदांच्या ईसीजीत ती सापडेलच असे नाही. तेव्हा होल्टर (दिवसभर अंगावर बाळगायचा ईसीजी) किंवा त्याहून लांबच्या निरीक्षणासाठी कोणाला आधी निवडायचे, हे ठरवताना या आकड्याचा खरा उपयोग होतो. लय सापडली तर उपचाराची दिशाच बदलते: ॲस्पिरिनसारख्या औषधांऐवजी रक्त गोठू न देणारी अँटिकोॲग्युलंट औषधे सुरू होतात.

लय न सापडता केवळ आकडा पाहून ही औषधे द्यावीत का? ‘आर्केडिया’ चाचणीत (२०२४) कारण न सापडलेल्या पक्षाघाताचे रुग्ण होते, टीआयएचे नव्हते. एनटी-प्रोबीएनपी दर मिलिलिटरला २५० पिकोग्रॅमहून जास्त असणे हा अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, आजाराच्या तीन निकषांपैकी एक होता. अपिक्साबान हे अँटिकोॲग्युलंट ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरले नाही. दोन्ही गटांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण वर्षाला ४.४ टक्के राहिले.

टीआयए झाला की नाही, हे मात्र या दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. ते निदान रुग्णाची हकिकत, तपासणी आणि मेंदूचे चित्रण यांवरच होते. शिवाय वाढते वय आणि मूत्रपिंडाचा विकार दोन्ही आकडे वर नेतात, तर स्थूल व्यक्तीत एनटी-प्रोबीएनपी अपेक्षेपेक्षा कमी येते. त्यामुळे अहवाल वाचताना मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा शेजारी असलेला बरा.