ठराव केला म्हणून बरखास्ती: बेळगावच्या निषेध-ठरावांची पार्श्वभूमी

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या. एकीकडे ते जिथे भरते त्या सुवर्ण विधानसौधाची रंगरंगोटी सुरू होते, दुसरीकडे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, व्हॅक्सिन डेपो मैदानावरच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार की नाही याची चर्चा. अधिवेशनात सीमाप्रश्नावर कुणाचा तरी निषेध होतो, महाराष्ट्रातून त्याला उत्तर येते. हे निषेध आता इतके अंगवळणी पडले आहेत की सभागृहाच्या निषेधाला मुळात वजन किती, हा प्रश्न मागेच पडला आहे.

नियमाने पाहिले तर वजन बेताचेच. अविश्वास ठरावाला कारण द्यावे लागत नाही आणि तो अख्ख्या मंत्रिमंडळावर येतो. निंदाव्यंजक, म्हणजे निषेधाच्या, ठरावात आरोप नेमका मांडावा लागतो, तो एकट्या मंत्र्यावरही आणता येतो. पण मंजूर झाला म्हणून सरकार पडत नाही. ती नोंद असते, शिक्षा नव्हे. सीमाभागात मात्र नोंद करणाऱ्या सभागृहालाच शिक्षा झाली, तीही दोनदा.

बेळगावच्या नगरपालिकेने संयुक्त महाराष्ट्रात जाण्याची मागणी १९४८ मध्येच ठरावाने केली होती. १९८४ मध्ये महापालिका झाली तरी मागणी सुटली नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केल्यावर तिला नवे बळ आले आणि २७ ऑक्टोबर २००५ रोजी महापालिकेच्या सभागृहाने बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात सामील करावा, असा ठराव मंजूर केला. पुढच्या पंधरवड्यातच, ११ नोव्हेंबरला, महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासण्यात आले. शहराच्या प्रथम नागरिकावर राज्याच्या राजधानीत भरदिवसा हात टाकला गेला. ती छायाचित्रे बेळगावकर अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली.

वाद आहे तो इथे. आदेशात कारण दिले होते ते महापालिका कायद्यातील कर्तव्ये पार न पाडल्याचे. पण ठराव आणि आदेश यांच्यात महिनाही गेला नव्हता, त्यामुळे खरे कारण काय हे शहरात कुणाला विचारावे लागले नाही. सरकारची बाजू अशी की महापालिकेने रस्ते, पाणी, दिवाबत्ती पाहावी. राज्याच्या हद्दी ठरवणे तिचे काम नाही. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण म्हणूनच तर कायद्याने सरकारला महापालिकेचा बेकायदा ठराव रद्द करण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून विषय संपवता आला असता. ठरावाने एक इंचही जमीन इकडची तिकडे होणार नव्हती. ते लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांचे मत होते. मत रद्द करणे वेगळे आणि मत देणाऱ्यांचे सभागृहच काढून घेणे वेगळे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना जे संरक्षण दिले, म्हणजे बरखास्तीआधी म्हणणे ऐकून घेणे आणि नंतर सहा महिन्यांत निवडणूक, ते याच भीतीपोटी दिले होते.

दुसऱ्यांदा तर ठरावाचीही गरज लागली नाही. कर्नाटकाचा स्थापना दिन सीमाभागातले मराठी भाषक काळा दिन म्हणून पाळतात; १ नोव्हेंबर २०११ च्या त्या फेरीत महापौर-उपमहापौर सामील झाले आणि डिसेंबरमध्ये महापालिका पुन्हा बरखास्त झाली. निवडणूक झाली ती थेट मार्च २०१३ मध्ये. तोवर शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती. गल्लीतला नळ बंद पडला तर नगरसेवकाच्या दारात जायची सोयही उरली नव्हती. मतदारांनी बहुमत पुन्हा समितीच्याच पारड्यात टाकले.

विधिमंडळे स्वतःच्या सभासदांबाबत किती हळवी असतात, हे याच शहराने पाहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेत एका महिला मंत्र्याबद्दल अपशब्द वापरल्याच्या आरोपावरून एका सदस्याला सौधाच्या आवारातून अटक झाली. सदस्याने आरोप नाकारला, दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला. सभागृहात घडले ते सभागृहच पाहील, अशी भूमिका तेव्हा मांडली गेली. सभागृहाच्या स्वायत्ततेचा हा युक्तिवाद महापालिकेच्या वेळी कुणी केला नव्हता.

त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांची विधिमंडळे समोरासमोर आली. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातल्या नेत्यांना अडवले जात होते, महामेळाव्याला परवानगी नाकारली होती. २२ तारखेला बेळगावच्या सौधात कर्नाटकाने महाराष्ट्राच्या नेत्यांचा निषेध करत सीमाप्रश्न संपल्याचा ठराव एकमताने केला. २७ तारखेला नागपुरात महाराष्ट्राने कर्नाटकाच्या मराठीविरोधी भूमिकेचा निषेध करत ८६५ गावांवरचा हक्क सांगणारा ठराव केला, तोही एकमताने. दावा न्यायालयात असताना केलेल्या या ठरावांबद्दल कुणावरही कारवाई झाली नाही. बेळगावातल्या ठरावाच्या वेळी सभागृहात समितीचा एकही आमदार नव्हता; २०१८ च्या निवडणुकीत सगळे उमेदवार पडले होते. त्यामुळे सीमावासीयांच्या शहरात सीमाप्रश्नावर मतदान झाले, तेव्हा त्यांच्या मागणीच्या बाजूने हात वर करायला कुणी नव्हते.