कर्ली खाडीतील दिवसभराची होडीफेरी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवबागपासून कर्ली नदीच्या खाडीतून नेरूरपारच्या दिशेने वर जाऊन संध्याकाळपर्यंत परतण्याचा, मोटर बसवलेल्या फायबरच्या होडीतून केलेला संथ जलप्रवास. सह्याद्रीत उगम पावलेली कर्ली देवबाग येथे अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला मालवण तालुक्यातले देवबाग, तर दक्षिणेला वेंगुर्ले तालुक्यातले कोरजाई आणि भोगवे आहे. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी. पर्यटक बहुधा तासाभराची ‘संगम’ फेरी मारून परततात. मुखाच्या आतली खाडी मात्र दिवसभर द्यावी अशीच आहे.

या फेरीचे वेळापत्रक भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी) ठरवते. भरतीबरोबर वर जायचे आणि सुकतीबरोबर खाली यायचे, एवढे साधले की निम्मे काम पाणीच करते. स्थिर पाण्यात ताशी 8 किलोमीटर जाणारी होडी प्रवाहाच्या ताशी 2 किलोमीटरच्या ओढीबरोबर 10 ने जाते, तर ओढीविरुद्ध 6 ने. म्हणून तारीख ठरवताना आधी तिथी पाहावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. हा अंदाज झाला; निघण्यापूर्वी त्या दिवसाचा भरतीचा तक्ता पाहायलाच हवा. शिवाय खाडीत जितके वर जावे तितकी भरती उशिरा पोचते.

फेरीला सर्वांत चांगली तिथी द्वितीया किंवा तृतीया, मग पक्ष कोणताही असो. द्वितीयेला सकाळी सव्वासातच्या सुमारास सुकती संपते, दुपारी दीडपर्यंत पाणी चढते आणि मग अंधार पडेपर्यंत उतरत राहते. अष्टमीला नेमके उलटे घडते: ऐन दुपारी बारा वाजता खाडीतले पाणी सर्वांत खाली जाते आणि होडी भाटीवर, म्हणजे वाळू-चिखलाच्या उथळ पट्ट्यावर, रुतू शकते. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीची, ओढ सौम्य असते म्हणून नवखे लोक अष्टमी-नवमी निवडतात, पण खोल पाणी नको त्या वेळी मिळाल्यावर सौम्य ओढीचा उपयोग काय?

पाणी सारख्या गतीने चढत नाही. भरती-सुकतीतला फरक समजा 1.8 मीटर असेल, तर सहा तासांत ते साधारण 15, 30, 45, 45, 30, 15 सेंटिमीटर असे चढते. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. अरुंद जागी वळायचे किंवा धक्क्याला लागायचे ते याच्या आधी किंवा नंतर.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो आणि समुद्र शांत असतो. दुपारकडे खारे वारे सुरू होतात. मुखाशी उतरणारे पाणी बाहेर धावते आणि वारा त्याच्या समोरून येतो. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यात वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ. लहान होडीला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. म्हणून मुखाकडचे सगळे सकाळी उरकावे. साडेसात ते साडेनऊ या वेळात वाळूचा तो उघडा पट्टा दिसतो, ज्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे गावकरी सांगतात. मुखाबाहेर डॉल्फिनही दिसू शकतात. ते दिसले की इंजिन मंद ठेवून बाजूने चालावे. कळपाच्या मधोमध होडी घालू नये, पाठलाग तर नाहीच. दुपारनंतर मुखाबाहेर जाण्याचा आग्रह कोणी धरला तरी तांडेलाने (होडी चालवणाऱ्या प्रमुखाने) नकार द्यावा.

साडेनऊला होडीची नाळ (पुढचे टोक) आत वळवली की भरती पाठीशी असते. दोन्ही काठांना माड आणि त्यांच्या पायाशी कांदळवन. कांदळाची मुळे कमानीसारखी खोडातून खाली येतात, तर तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे चिखलातून सरळ वर उभी राहतात. इंजिन बंद करून दहा मिनिटे नुसते वाहत राहावे. चिखलात खेकडे तुरुतुरु पळताना दिसतात, ब्राह्मणी घार पाण्यावर झेप घेते, आणि कांदळाच्या मुळांना चिकटलेली कालवे (शिंपले) एकेक करून पाण्याखाली जातात. फेरीतला हाच खरा आनंद आहे, आणि ताशी 25 किलोमीटरने धावणाऱ्या होडीतून तो कधीच मिळत नाही.

खाडी ही आधी काम करणाऱ्यांची आहे. वाळूने भरलेली होडी काठोकाठ बुडालेली असते. आपल्या होडीची लाट तिच्यात पाणी घालू शकते, म्हणून दुरूनच वेग कमी करावा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळे आहे असे समजून टोकाला वळसा घालावा. वळसा शक्य नसेल तर इंजिन बंद करून त्याचा पाण्यातला पंखा वर उचलावा आणि वल्ह्याने पार व्हावे. जाळे पंख्यात गेले तर मच्छीमाराचा त्या दिवसाचा धंदा बुडतो.

इंजिन 9.9 अश्वशक्तीचे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) असले तरी या फेरीला भरपूर होते. दोन-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला चार-पाच लिटर पेट्रोल खाते, अर्ध्या वेगात त्याच्या निम्म्याच्या आसपास. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण अशा बहुतेक इंजिनांना 50 ला 1, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर. इंधनाचे तीन भाग करावेत: एक जायला, एक यायला, एक अडचणीला.

इंजिन सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर डोळा ठेवावा. ती थांबली तर थंड करणारे पाणी आत जात नाही. वाळू, प्लास्टिकची पिशवी किंवा पाणी खेचणारे रबरी चक्र झिजणे ही नेहमीची कारणे. तसेच चालवत राहिल्यास इंजिन काही मिनिटांत जाम होते. इंजिन छान सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी मान टाकत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येत नाही. बंद पडलेल्या कितीतरी होड्यांचे दुखणे एवढेच असते. इंजिन थांबवणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी, हँडलला गुंडाळलेली नको. परतल्यावर गोड्या पाण्यावर इंजिन दहा मिनिटे चालवावे, नाहीतर मीठ आतल्या वाटा बुजवते.

होडी वाळूला लागली तर पहिले मिनिट मोलाचे. इंजिन उलट फिरवू नये, त्याने वाळूच आत ओढली जाते. पंखा वर घ्यावा, माणसांना खोल पाण्याच्या बाजूला सरकवावे आणि आलो त्याच वाटेने बांबूने मागे रेटावे. चढत्या पाण्यात रुतलेली होडी थोड्या वेळात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात उशीर झाला तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसावे लागते. पाण्यात उतरायचे तर पायांत घट्ट चपला हव्यात, कारण कालवांची धार तळवा चिरते. पाऊल उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला होते. पाकटाचा काटा विषारी असतो.

जेवणाचा थांबा भरतीच्या टोकाला, दीड-दोनच्या सुमारास, सावलीच्या काठाला घ्यावा. नांगराची दोरी पूर्ण भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावी: चार मीटर पाण्याला वीस मीटर. त्यापेक्षा आखूड दोरीवर नांगर तळ धरत नाही, नुसता उचलला जातो. घावणे आणि सुके सुंगट (सुकी कोलंबी) ही इथली शिदोरी उन्हात टिकते. नारळाच्या दुधाची सोलकढी मात्र बर्फात ठेवावी. पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर. लाइफ जॅकेट होडीत आहे एवढे पुरत नाही, ते अंगात घालून पट्टे बांधलेले हवे. उलटलेल्या होडीखाली ते शोधत बसता येत नाही.

हंगाम ऑक्टोबर ते मे. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवले जाते. पावसाळ्यात नदीचा लोंढा भाट्या हलवतो, त्यामुळे मागच्या वर्षीची खोल वाट यंदा तिथेच असेल असे नाही. हंगामाच्या पहिल्या फेरीला सुकतीच्या वेळी देवबागच्या तांडेलाबरोबर जाऊन वाट नव्याने पाहून घ्यावी.