पाखाडी की रस्ता? किनाऱ्यालगतच्या उपाहारगृहाच्या आराखड्यामागची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरील एका लहान नगरपरिषदेपुढे गेल्या काही महिन्यांपासून एका दुमजली उपाहारगृहाचा, लोकांच्या तोंडी अर्थातच हॉटेलचा, आराखडा मंजुरीसाठी पडून आहे. जागेच्या मालकीबद्दल वाद नाही, आणि गावात आणखी एक खाण्याचे ठिकाण होऊ नये असेही कोणाचे म्हणणे नाही. वाद आहे तो जागेच्या समुद्राकडील कडेने जाणाऱ्या पाखाडीचा. बाजारपेठेच्या मागून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ही वाट खाली आल्यावर माडाच्या वाड्या आणि सुरूचे बन यांच्यामधून किनाऱ्याला समांतर वळते आणि जुन्या धक्क्यापाशी संपते. या प्रकरणाची चर्चा आतापर्यंत वाट अडवणारे विरुद्ध विकास अडवणारे अशा सोप्या मांडणीत झाली आहे. प्रत्यक्षात दोन्ही पक्षांनी एकाच शब्दाबद्दलची आपली भूमिका एकेकदा पूर्ण फिरवलेली आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘रस्ता’.

पाखाडी कोकणाबाहेरच्या अधिकाऱ्याला समजावून सांगावी लागते. ती पाणंद नव्हे, कारण पाणंद शेतांच्या मधून बैलगाडीच्या बेताने जाते. आणि मुंबई-वसईकडे पाखाडी म्हणजे वाट नसून वस्तीच, त्यामुळे तिकडून बदलून आलेल्या माणसाचा गोंधळ आणखी वाढतो. इथली पाखाडी जांभ्या दगडाची, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या ठेंगण्या कुंपणभिंती, असलेली, उताराला पायऱ्या आणि सपाटीला फरसबंदी असलेली. वादातल्या पाखाडीचे चिरे मध्यभागी बशीसारखे झिजले आहेत आणि कडेला मात्र अजून टाकीचे घाव दिसतात. समोरून डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई आली की दुसऱ्याला गडग्याला टेकून उभे राहावे लागते, एवढीच तिची रुंदी. पावसाळ्यात बाजारपेठेच्या मागच्या उताराचे पाणी तिच्या कडेच्या पाटातून सुरूच्या बनाकडे जाते, आणि या पाटाबद्दल आराखड्यात एकही रेषा नाही, हे आक्षेपांच्या गर्दीत जवळजवळ विसरले गेले आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. खोती गावांत वाड्यांमधल्या वाटा कोणाच्या, हा प्रश्न कागदावर क्वचितच आला. १८८० च्या खोती कायद्याचे सारे लक्ष खोत आणि कुळे यांच्यातील देण्याघेण्यावर होते, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली तेव्हा जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर झाल्या. परंतु त्या जमिनींतून जाणाऱ्या पायवाटा बहुतेक ठिकाणी नकाशावरील तुटक रेषेपुरत्या राहिल्या. या जागेच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात वाटेची नोंद नाही. गावनकाशावर मात्र तुटक रेष आहे. अर्जदाराचा पहिला आधार कोरा रकाना हा होता आणि रहिवाशांचा पहिला आधार तुटक रेष हा.

कायद्याची बाजू रहिवाशांना वाटते तितकी दुबळी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, तसेच भरतीच्या पातळीखालील समुद्र व खाड्यांचा तळ, ही सारी शासनाची मालमत्ता असते. या कलमात रस्ता आणि वाट हे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. अडचण असते ती वाट ‘सार्वजनिक’ आहे हे दाखवण्याची. पुष्कळ जण इथे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील वीस वर्षांच्या वहिवाटीचा दाखला देतात, पण तो एका जमिनीच्या मालकाचा शेजारच्या जमिनीवरील हक्क झाला; साऱ्या गावाच्या जाण्यायेण्याला तो नेमका लागू पडत नाही. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली अडथळा दूर करून मागता येतो, मात्र त्याची मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची, आणि त्याचा रोख मुख्यतः शेताकडे जाणाऱ्या वाटांवर. काही वर्षांपूर्वी वळणावर एक बेडे, म्हणजे वाट अडवणारे फाटक, बसवले गेले तेव्हा कोणीही मामलेदाराकडे गेले नाही. शिमग्यात पालखी त्याच वाटेने यायची होती, तेव्हा ते बेडे आपोआप निघाले, आणि सर्वांनी विषय संपला असे मानले. लेखी तक्रार झाली असती तर आज तोच कागद सर्वांत मोलाचा ठरला असता.

आता मूळ गुंत्याकडे यायला हवे. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना काढली आणि भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. वाचकांना ‘२०० मीटर’ आणि अलीकडे ‘५० मीटर’ ही बांधकामबंदीची अंतरे पाठ असतात, परंतु ती दोन्ही अंतरे ग्रामीण, म्हणजे तिसऱ्या वर्गातील किनाऱ्याची आहेत. २०१९ च्या अधिसूचनेने या वर्गाचे दोन भाग केले आणि २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या गावांसाठी ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. नगरपरिषदेच्या हद्दीतील भरवस्तीची जागा दुसऱ्या वर्गात येते, आणि तिथे मीटर मोजून प्रश्न सुटत नाही. तिथली कसोटी अशी आहे की बांधकाम अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अस्तित्वातील अधिकृत इमारतींच्या भूभागाकडील बाजूसच करता येईल, समुद्राकडील बाजूस नाही. जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे नंतर नवा रस्ता करून त्याच्या आडोशाने बांधता येणार नाही, असेही १९९१ पासून लिहिलेले आहे. म्हणजे किनारी शहरात रस्ता ही केवळ जाण्यायेण्याची सोय नसते. बांधकाम कुठवर येऊ शकते हे ठरवणारी ती रेषा असते.

हे लक्षात घेतले की या प्रकरणातील दोन नकाशांचा अर्थ लागतो. इमारतीच्या नकाशात रंगांचे संकेत ठरलेले असतात: नवे काम लाल, पाडावयाचे काम पिवळ्या रेघांनी, अस्तित्वातील रस्ता हिरवा आणि भावी रस्ता तुटक हिरवा. अर्जदाराच्या वास्तुविशारदाने सादर केलेल्या पहिल्या नकाशात पाखाडी कोणत्याही रंगाविना भूखंडाच्या आतच दाखवली होती, आणि तिच्याऐवजी हद्दीच्या कडेने एक अरुंद बोळ दिलेला होता. रहिवाशांनी हरकत घेतली की ही वाट सार्वजनिक आहे, ती रस्ता म्हणून दाखवली पाहिजे. नगररचना शाखेने ते मान्य करून दुरुस्ती सुचवली. दुसऱ्या नकाशात पाखाडी ठळक हिरव्या रंगात आली, आणि रहिवाशांनी त्या दिवशी पेढे वाटल्याचे सांगतात. तो आनंद फार टिकला नाही, कारण पाखाडी एकदा ‘अस्तित्वातील रस्ता’ झाली की उपाहारगृह आपोआप त्या रस्त्याच्या भूभागाकडील बाजूस येते. ज्या हरकतीने वाट वाचली असे वाटले, त्याच हरकतीने बांधकामाला सीआरझेडच्या दृष्टीने वाट करून दिली. खालच्या पट्ट्यात त्याआधी रस्ता नव्हताच. बाजारपेठेचा डांबरी रस्ता जागेच्या पलीकडे, वरच्या अंगाला आहे, आणि जवळपास १९९१ पूर्वीची अधिकृत इमारतही नाही. त्यामुळे सारा भार या एका हिरव्या रेघेवर आहे.

रहिवाशांनी मग पाखाडी म्हणजे रस्ता नव्हे अशी दुसरी हरकत दिली, आणि अर्जदाराने त्यांचीच पहिली हरकत जोडून उत्तर दिले. यात कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही. सार्वजनिक वाट आणि सीआरझेडमधील रस्ता या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न पहिल्या वेळी कोणी विचारलाच नव्हता. माझ्या मते त्या एक नाहीत. अधिसूचनेतील रस्त्यामागचा विचार असा दिसतो की जिथे शहर आधीच किनाऱ्यापर्यंत येऊन ठेपले आहे तिथे त्याची पुढची सरहद्द रस्त्याने धरावी. माणसाला गडग्याला टेकून उभे करणारी वाट शहराची सरहद्द कशी ठरणार? पण अधिसूचनेत किमान रुंदी लिहिलेली नाही, आणि या मौनाचा फायदा अर्जदाराने घेतला तर त्याला दोष देणे अवघड आहे.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या नोंदवहीने हा गुंता वाढवला. एका वर्षीच्या कामांच्या यादीत याच वाटेपुढे ‘पाखाडी दुरुस्ती’ असे आहे. पुढे खालच्या सपाट भागावर, चिऱ्यांच्याच वर, सिमेंटचा थर टाकला गेला, आणि त्या कामाचे नाव ‘रस्ता काँक्रिटीकरण’ असे पडले, कारण निधी ज्या लेखाशीर्षाखाली आला होता त्यात रस्ता हाच शब्द होता. बिल काढण्यासाठी कारकुनाने वापरलेला तो शब्द आज पुरावा म्हणून दाखल आहे. काँक्रीट १९९१ नंतरचे असल्याने त्याचा उपयोग मर्यादितच, परंतु छाननी करणाऱ्या शाखेने प्रस्ताव पुढे पाठवताना ‘अस्तित्वातील रस्त्याच्या भूभागाकडील बाजूस’ असा शेरा मारला, तो याच नोंदीच्या बळावर. प्रकरणातील सर्वांत वादग्रस्त निर्णय हाच. या वर्गातील बांधकामाला राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागते, आणि प्राधिकरण प्रत्येक वाट चालून बघत नाही; स्थानिक संस्थेचा शेरा आणि नकाशा यांवरच त्याची बरीच भिस्त असते. भरती रेषेचे मुख्य नकाशे १:२५,००० या प्रमाणात आहेत, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे २५ मीटर. दोन पावलांची पाखाडी त्या कागदावर दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

रस्ता हा शब्द रहिवाशांना एका बाबतीत फायद्याचाही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली, आणि तिच्यातले बहुतेक अंतरांचे हिशेब रस्त्यापासून सुरू होतात. पाखाडी रस्ता नसेल तर ती बाजू केवळ बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीलगतची मोकळी जागा, सोडून मोकळी होते. रस्ता असेल तर तीही दर्शनी बाजू ठरते. सध्याच्या आराखड्यात स्वयंपाकघराची धुराडी, सांडपाण्याची टाकी आणि गॅस सिलिंडरची खोली हे सगळे पाखाडीकडे तोंड करून आहे, आणि गच्चीवरची बैठक तिच्या डोक्यावरून समुद्र बघते. आपल्याकडे इमारत दिसते कशी, कोणाकडे पाठ करते, हे तपासणारी यंत्रणा वारसा-नियमांच्या कक्षेबाहेर जवळपास नाहीच. ‘नगररचना’ या नावात रचना असली तरी छाननी होते ती चटई क्षेत्र, उंची, अंतरे आणि वाहनतळ यांची. त्यामुळे धुराड्याबद्दलची साधी तक्रारसुद्धा अखेर रस्ता आहे की नाही या प्रश्नाला येऊन मिळते. कुंपणभिंतीचेही तसेच: तिची उंची समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर, आणि वरचे ०.९ मीटर जाळीचे ठेवल्यास २.४ मीटर. पायऱ्यांनी उतरणाऱ्या वाटेवर ही उंची कोणत्या पायरीपासून मोजायची, याचे उत्तर नियमावलीत शोधण्यात अर्थ नाही.

उलट बाजूने, पाखाडी रस्ता म्हणून कायम झाली की पुढच्या विकास योजनेत तिच्या रुंदीकरणाची रेषा पडण्याचा धोका आहे, आणि ती रेषा वाड्यांचे गडगे व माडांची एक रांग घेऊन जाईल. दुसरी हरकत देणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात समुद्रापेक्षा ही भीती अधिक आहे, आणि ती त्यांनी लेखी दिलेली नाही.

हा प्रस्ताव आत्ताच का आला, याची कारणे अलीकडची आहेत. दुसऱ्या वर्गातील बांधकामांचा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल याचे प्रमाण, १९९१ च्या पातळीवर गोठलेला होता. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तो मोकळा केला आणि किनाऱ्यालगतच्या पडीक वाड्यांना एकदम किंमत आली. त्याच अधिसूचनेने पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, भरती रेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून शॅक, स्वच्छतागृहे अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधांना मुभा दिली. अर्जदाराचा पहिला बेत असा झावळ्यांच्या शॅकचाच होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आणि पुढच्या मे महिन्यातील तौक्तेने किनाऱ्यावरची सुरूची झाडे आणि पत्र्यांची छपरे आडवी केली, तेव्हा हलक्या बांधकामावरचा त्याचा विश्वास उडाला, आणि त्याला विमा कंपनी व बँक या दोघांनीही पक्क्या इमारतीचा आग्रह धरला असे त्याचे सांगणे आहे. दरम्यान जानेवारी २०२० मध्ये केरळातील मरडू येथे सीआरझेडचा भंग करणाऱ्या बहुमजली इमारती न्यायालयाच्या आदेशाने स्फोटके लावून पाडल्या गेल्या. ते चित्र इथल्या प्रत्येक सभेत दोन्ही बाजूंनी काढले जाते.

सुनावणीनंतर वास्तुविशारदाने तिसरा नकाशा दिला आहे. त्यात स्वयंपाकघर बाजारपेठेच्या अंगाला हलवले आहे आणि पाखाडीकडे पडवी काढली आहे. पाखाडीला त्याने हिरवा रंग दिलेला नाही, तुटक हिरवाही नाही. दोन बारीक रेषांमध्ये ‘पाखाडी, वहिवाटीची’ एवढेच हाताने लिहिले आहे. नगररचना शाखेने तो नकाशा रंगसंकेताप्रमाणे नसल्याच्या शेऱ्यासह परत केला असून, भूमी अभिलेख कार्यालयाकडून होणारी मोजणी पाऊस उघडल्यावरच होणार आहे.