ग्राफिक डिझाइन : चांगले आणि वाईट

अक्षरे, चित्रे, रंग आणि मोकळी जागा यांच्या मांडणीतून माहिती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची कला म्हणजे ग्राफिक डिझाइन. तिची पारख सजावटीवरून होत नाही. ज्याच्यासाठी फलक वा नकाशा केला, त्याला तो उभ्या जागेवरून, हाताशी असलेल्या वेळात कळला की नाही, हे पाहावे लागते.

नागपुरात ही कसोटी सर्वांत कडक लागते ती धम्मचक्र प्रवर्तन दिनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांतले अनेकजण शहरात पहिल्यांदाच आलेले, कडेवर लेकरू, रात्रीची वेळ, पुढे-मागे गर्दी. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, रेल्वे स्टेशन यांची वाट दाखवणाऱ्या फलकावर त्यांना एक ठळक शब्द आणि एक बाण हवा असतो. शुभेच्छुकांच्या छायाचित्रांनी निम्मी जागा घेतली आणि बाण कोपऱ्यात ढकलला गेला, तर छपाई कितीही महाग असो, ते डिझाइन वाईटच म्हणावे लागते.

देवनागरीच्या स्वतःच्या गरजा आहेत. तिची चिन्हे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशीही बसतात. ‘सीताबर्डी’ लिहिताना ‘ड’च्या डोक्यावर वेलांटी आणि रफार एकत्र येतात, ‘दीक्षाभूमी’त ऊकार खाली उतरतो. रोमन मजकुराला पुरणारे ओळींमधले अंतर इथे ठेवले, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरे विरळ करणे शोभून दिसते, मराठीत मात्र तेवढ्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाची एकसंध आकृती मोडते. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची जुळणी सुरू नसेल, तर ‘रविनगर’मधली वेलांटी ‘व’ला सोडून ‘न’ला चिकटते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. असा मजकूर छापायला जाण्याआधी मराठी वाचणाऱ्या एका माणसाने पाहिला, तरी पुष्कळ नुकसान टळते.

मराठी आणि हिंदी शेजारी नांदणाऱ्या या शहरात ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाचाही प्रश्न येतो, कारण ही अक्षरे दोन्ही भाषांत वेगवेगळ्या वळणाने लिहिली जातात. राज्य शासनाने 2009 मध्ये प्रमाण मराठी वर्णमाला ठरवून दिली. काही फॉन्टमध्ये मराठी वळणे असतातच, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत. वाचक अडत नाही, हे खरे. तरीही मराठी फलकावर मराठी वळण असणे हा त्या वाचकाचा मान आहे.

चांगल्या डिझाइनचे जवळचे उदाहरण नागपूर मेट्रोचे. 2019 मध्ये धावू लागलेल्या या मेट्रोच्या दोन मार्गिकांना रंगांचीच नावे आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ऑरेंज, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ॲक्वा. दोन्ही सीताबर्डीला मिळतात. नाव, नकाशावरची रेघ आणि स्थानकातली पट्टी एकाच रंगाची असली, की प्रवाशाला वेगळे काही पाठ करावे लागत नाही. अंतरांचे प्रमाण सोडून स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा स्पष्ट करणारा नकाशा हॅरी बेक यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी आखला, तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातले मेट्रो नकाशे आजही बहुधा त्याच वाटेने जातात.

रंगसंगतीत आवडीपेक्षा विरोध, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक, महत्त्वाचा. संकेतस्थळ दृष्टी कमी असलेल्यांनाही वापरता यावे म्हणून ठरवलेल्या सुगम्यता-निकषांत साध्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान 4.5:1 या प्रमाणात वेगळा असावा लागतो. हिरव्यावर लाल अक्षरे तिथे सहसा नापास होतात, आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना तर ती जवळजवळ हरवतातच.

नागपूरच्या उन्हाचा हिशेबही डिझाइनमध्येच धरावा लागतो. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या फ्लेक्सची गुलाबी आणि पिवळी शाई आधी विटते, काळी आणि निळी टिकून राहते. लाल रंग छपाईत गुलाबी आणि पिवळ्यापासूनच बनतो. त्यामुळे दवाखान्याचा फोन नंबर किंवा रस्त्याचा बाण लाल रंगात छापला, तर फलकावर सर्वांत आधी तोच दिसेनासा होतो.